विंगेतला नमस्कार

"आता बोला," सरनाईक मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला.

समोरच्या पडद्यावर चित्र थांबवलेलं होतं. झेंडूच्या माळांनी मढवलेलं स्टेज, मधोमध लाल मखमलीची खुर्ची, खुर्चीत अण्णा खांडके, आणि त्यांच्या पायांशी वाकलेली मोरपिशी साडीतली मंजिरी. माझी मंजिरी. जिच्या जिवावर माझी अख्खी फिल्म उभी होती ती.

मी काय बोलणार, कपाळ? ती क्लिप मी पहिल्यांदाच बघत होते.

अण्णा म्हणजे पुरुषोत्तम खांडके. मे महिन्याच्या सुट्टीत ज्याने त्यांचं बालनाट्य पाहिलं नाही असं माझ्या पिढीचं पोर शोधून सापडायचं नाही. पडद्यामागून त्यांचं नुसतं खाकरणं ऐकू आलं तरी थिएटरभर मुलं खिदळायला लागायची. आम्हा कोळीवाड्यातल्या पोरांनासुद्धा शाळेने एकदा नेलं होतं, मी हसून हसून फ्रॉक ओला केला होता. आणि ह्याच माणसाने आपल्या नाटकांतल्या लहान मुलींना दौऱ्यावर काय केलं, यावर मी फिल्म करत होते. चौघी बोलायला तयार झाल्या. तिघी काळोखात बसून, आवाज बदलून. मंजिरी गवाणकर एकटी उजेडात बसली, नाव सांगून, कॅमेऱ्याकडे बघून.

फिल्म एका वाहिनीवर लागणार होती आणि सरनाईक मॅडम त्या वाहिनीच्या वकील. त्यांची सही झाल्याशिवाय एक वाक्य बाहेर जाणार नव्हतं. बाईने माझा जीव खाल्ला होता. आधी म्हणाल्या, तारखा जुळत नाहीत. जुळवल्या. मग म्हणाल्या, तेव्हाच तक्रार का नाही केली? बारा वर्षांची पोर, दौऱ्यावरचं परकं गाव, तक्रार कुणाकडे करणार, स्टेशनमास्तरकडे? मग म्हणाल्या, दौऱ्यावर हिची आई सोबत होती ना, तिला घ्या कॅमेऱ्यासमोर. आता पोरीने सांगितलं त्याच दिवशी जी आई तिला खोटी ठरवून मोकळी झाली, तिला मी कुठल्या तोंडाने बोलावू? एक दार उघडलं की ही बाई पुढच्या दाराला कुलूप घालायची. आणि आज हे.

क्लिप अण्णांच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्यातली होती. त्यांच्या मुलाच्या वकिलाने पाठवलेली, सोबत चार ओळींची नोटीस. मॅडम शांतपणे म्हणाल्या की त्यांना स्वतःला आनंद होत नाहीये, अण्णांची नाटकं बघतच त्याही मोठ्या झाल्या, वडील दरवर्षी पहिल्या रांगेची तिकिटं काढायचे. पण उद्या कोर्टात हीच क्लिप लागली तर उत्तर काय द्यायचं?

"मोठी बाई आहे ही या क्लिपमध्ये," त्या म्हणाल्या. "कुणी हाताला धरून आणलेलं नाही. ज्याने असं काही केलं, त्याच्या पायावर डोकं ठेवतं का हो कुणी?"

"आपल्यात कुणाच्या पायावर ठेवत नाहीत ते सांगा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. चढला की तो खालच्या मजल्यापर्यंत जातो.

वाहिनीचा कार्यक्रम प्रमुख कौस्तुभ लगेच मध्ये पडला. गोड बोलून गळा कापण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्याचं म्हणणं, मंजिरीला काढू, काळोखातल्या तिघी ठेवू, वाद नको. मी त्याला विचारलं, तीन सावल्या दाखवून लोकांना काय सांगायचं, की भुतं बोलतायत? मंजिरी गेली तर त्या तिघीही गेल्याच की. त्यावर तो नुसता मान हलवत राहिला. गुरुवारी अण्णा स्वतः आपली बाजू मांडायला ऑफिसात येणार होते. तोवर मंजिरीकडून या नमस्काराचा काही खुलासा मिळाला तर बघू, असं मॅडम म्हणाल्या. 'बघू' हे त्यांनी असं म्हटलं की मला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी मी चिपळूणला गेले. मंजिरी तिथे बँकेत नोकरी करायची आणि आईबरोबर राहायची. चिडले होते मी. मॅडमवर होतेच, पण खरं सांगायचं तर मंजिरीवर जास्त. एवढी गोष्ट बाईने मला सांगू नये?

दार तिच्या आईने उघडलं. गवाणकर काकू म्हणजे ठसठशीत कुंकू, चापूनचोपून नेसलेली साडी आणि दिवसभर टीव्ही. टीव्हीच्या बरोबर वर भिंतीवर फोटो, काकू आणि अण्णा, दौऱ्याच्या बसपुढे उभे. हा फोटो मी आधीच्या खेपांनाही बघितला होता आणि दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. काकूंना एवढंच ठाऊक होतं की मी अण्णांवर काहीतरी बनवतेय. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, चांगलं दाखवा हो, देवमाणूस आहे. मग दौऱ्याच्या गोष्टी सुरू झाल्या. सगळ्या मुलींच्या वेण्या त्याच घालायच्या, गावोगावच्या बाजारातून मोगरा आणायच्या, स्वतः गजरे गुंफायच्या. अण्णा म्हणायचे, गवाणकर वहिनी आहेत म्हणून माझ्या मुली स्टेजवर उठून दिसतात. हे सांगताना काकूंचा चेहरा उजळला. मी ग्लास तोंडाला लावून बसून राहिले.

मंजिरी आत आंबोळ्या घालत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं, फोन ओट्यावर ठेवला आणि क्लिप सुरू केली. तिने बघितली आणि आधी गॅस बारीक केला.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"लाज वाटली."

मग हळूहळू बोलली. आमंत्रण आलं तेव्हा आईने आठ दिवस आधीच साडी इस्त्री करून ठेवली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण ती एकदा सांगून चुकली होती. बारा वर्षांची असताना गेस्ट हाऊसच्या जिन्यात तिने आईला सांगितलं, तर आईने तिलाच अण्णांसमोर उभं करून पाया पडायला लावलं आणि माफी मागायला लावली. पंचाहत्तरीला ती मागच्या रांगेत बसली होती, अण्णांना भेटायचंच नाही असं ठरवून. तर निवेदकाने सगळ्या जुन्या बालकलाकारांना नावं घेऊन स्टेजवर बोलावलं. टाळ्या वाजत होत्या, आई कोपराने ढोसत होती.

"तिथे पोचल्यावर वाकायचं की नाही असं काही मनात आलंच नाही गं," ती म्हणाली. "गुडघे आपले आपण वाकले. इतक्या वेळा वाकलेत ते."

मला तिची कीव आली आणि रागही तसाच होता. मी म्हटलं, हे मी त्या वकीलबाईला सांगितलं तर ती हसेल मला. गुडघे वाकले म्हणे. तुला टीव्हीवर यायचंय ना? आईने बघावं म्हणून तूच हट्ट धरलास ना?

हे खरं होतं. आवाज बदलून बोल, असं मी तिला स्वतः सुचवलं होतं, तर तिने ऐकलं नव्हतं. काळोखात बसले तर आई मला ओळखणार कशी, असं म्हणाली होती. घरात बोललेलं आईला खोटं वाटलं, पण टीव्हीवर बातमी सांगणाऱ्या बाईवर तिचा विश्वास होता. मंजिरीला दुसरं काही नको होतं. अण्णा तुरुंगात जावेत असंही ती कधी म्हणाली नाही. आईने एकदा हे सगळं ऐकावं आणि मधे उठून जाऊ नये, एवढंच.

मंजिरी फोन हातात घेऊन क्लिप मागेपुढे करत होती. एकदा, दोनदा. मग तिने ती एका जागी थांबवली.

"हे बघ. अजून जातो."

"काय जातो?"

"हात माझा."

मी बघितलं. वाकताना तिचा उजवा हात अण्णांच्या पायाकडे गेला होता आणि डावा मागे, स्वतःच्या मानेवर. पंजा पसरून, मान झाकल्यासारखा. आदल्या दिवशी एवढ्या मोठ्या पडद्यावर बघूनही मला दिसला नव्हता.

"प्रयोगाआधी नारळ फुटला की आम्ही मुलं विंगेत ओळीने उभी राहायचो," मंजिरी सांगू लागली. "दुसरी घंटा झाली की सगळ्या मोठ्यांच्या पाया पडायचं. अण्णा शेवटी. ते प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवायचे. पण कधी कधी मुलीच्या डोक्यावरचा हात खाली यायचा, मानेवर, आणि अंगठ्याने दाबायचे. जिची मान दाबली तिने प्रयोग संपल्यावर त्यांच्या खोलीत जायचं. तोंडाने कधीच काही सांगायचे नाहीत. एवढी माणसं आजूबाजूला, आई तिथेच, आणि दिसायचा नुसता आशीर्वाद."

तव्यावरची आंबोळी करपायला लागली होती. तिने ती काढून बाजूला टाकली.

"मग मी वाकताना मानेवर हात ठेवून द्यायचे. झाकलं की दाबता येणार नाही, अशी माझी अक्कल."

"उपयोग व्हायचा?"

"हात काढला जायचा," ती म्हणाली, आणि पुढचं पीठ तव्यावर ओतलं.

तिचं हे बोलणं मी पुन्हा एकदा, नीट, फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. परतीच्या गाडीत मला वाटत होतं, जिंकलो. पुरावा त्यांनीच पाठवलाय, आपल्या हाताने. आता सरनाईक काय बोलतात ते बघतेच.

गुरुवारी सकाळी अण्णा यायच्या आधी मी दोन्ही गोष्टी मॅडमना दाखवल्या, आधी मंजिरीचं बोलणं आणि मग क्लिप, तो हात दिसेल अशी थांबवून. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी नाकारत नाही. चष्मा काढून पुसला, परत घातला. आणि म्हणाल्या,

"केस सावरतेय ती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या म्हणाल्या, त्यांना स्वतःला काय वाटतं हा प्रश्न नाही. समोरच्या बाजूने त्या असत्या तर हेच म्हणाल्या असत्या. अंबाडा घातलेली बाई वाकताना मानेवर हात नेते, यात काय विशेष? मान दाबली याला साक्षीदार कोण? आई तिथेच होती, आणि आईला काही दिसलं नाही. झालं. गवाणकरांची मुलाखत काढावी लागेल. कौस्तुभने सुटकेचा निःश्वास सोडला तो मला ऐकू आला. मी म्हटलं, मग माझं नावही काढा फिल्मवरून. तो म्हणाला, चालेल, आणि हे इतक्या नम्रपणे म्हणाला की मला पाण्याची बाटली त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

तेवढ्यात खालून फोन आला, अण्णा लिफ्टमध्ये आहेत.

अण्णा आत आले आणि खोलीतले सगळे उठून उभे राहिले. मीही राहिले. ऐंशी ओलांडलेला माणूस, पांढरं धोतर, हातात काठी, चेहऱ्यावर ते जुनं मिस्कील हसू. खुर्चीपर्यंत पोचायच्या आधीच ते लाइट लावणाऱ्या माणसाला म्हणाले, बाबा रे, इतका उजेड टाकलास तर लोकांना माझं वय कळेल. सगळे हसले. कॅमेरा अजून सुरू व्हायचा होता.

कौस्तुभ पुढे झाला आणि वाकून पाया पडला. अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या मागे सरनाईक मॅडम होत्या. ज्यांनी मला सोमवारी विचारलं होतं, असल्या माणसाच्या पायावर डोकं ठेवतं का हो कुणी, त्याच. हातातली फाइल त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि वाकल्या. अर्ध्या तासापूर्वी मंजिरीचं सगळं ऐकलेली बाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अण्णांचा हात त्यांच्या डोक्याकडे आला. आणि मॅडमचा डावा हात झटकन मागे गेला, स्वतःच्या मानेवर, पंजा पसरून.

मॅडमचा बॉबकट होता. सावरायला मानेवर केसच नव्हते.

अण्णांनी डोक्यावर हात ठेवला, किंचित थांबले आणि म्हणाले, "कुणाची गं तू, बाळ?"

मॅडमनी वडिलांचं नाव सांगितलं. आवाज बारीक आला. त्या सरळ झाल्या तरी हात मानेवरच होता. तो तिथे आहे हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंडातून एक शब्द काढला नाही. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, हे किती अवघड गेलं असेल. कॅमेरा सुरू असता तर मी ते फिल्ममध्ये घातलंच असतं, खोटं कशाला बोलू. पण नव्हता.

अण्णांची मुलाखत तासभर चालली. सगळं नाकारलं, एकदाही न चिडता. मुलं हीच माझी दैवतं म्हणाले. मंजिरीचं नाव काढल्यावर तर त्यांचे डोळे भरून आले.

"गवाणकरांची मंजू? गुणी पोर. माझ्या पाया पडल्याशिवाय कधी स्टेजवर गेली नाही. आमच्या पंचाहत्तरीलाही आली होती."

अण्णा गेल्यावर मी वायरी गुंडाळणाऱ्या मुलांना उगीच ओरडत होते. सरनाईक मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने माझ्याजवळ आल्या आणि फाइल उघडून, सही करता करता म्हणाल्या,

"गवाणकर राहू द्या. क्लिपही ठेवा. हात दिसला पाहिजे."

कौस्तुभ काही बोलायला गेला तेव्हा मॅडम त्याला म्हणाल्या की कोर्टात उभं राहायचं ते मला राहायचंय. याहून जास्त त्या तेव्हाही बोलल्या नाहीत आणि नंतरही नाहीत. मी धन्यवाद म्हटलं, तर माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

या गोष्टीला आता सहा-सात वर्षं झाली. फिल्म लागली. काय झालं म्हणून विचाराल तर सांगायला जीभ वळत नाही. आठवडाभर लोक टीव्हीवर भांडले, इतकी वर्षं कुठे होतात म्हणून. मंजिरीला बँकेच्या काउंटरवर येऊन बायका विचारून गेल्या, पैसे किती मिळाले. त्याच वर्षी कुठल्याशा संस्थेने अण्णांना जीवनगौरव दिला. पुरस्कार देणारा त्यांच्या पाया पडला आणि पेपरात तोच फोटो पहिल्या पानावर. दीड वर्षाने अण्णा घरच्या अंथरुणात, झोपेत गेले. अंत्ययात्रेला ही गर्दी. फिल्म कुणी पाहिली की नाही, असा मला अजून प्रश्न पडतो. पाहिली असेल तर कुणाच्या डोळ्यांनी पाहिली, देव जाणे.

पण ज्या रविवारी ती लागली, त्या संध्याकाळी मंजिरीचा फोन आला होता. फिल्म संपून थोडाच वेळ झाला होता. मी आधी तेच विचारलं, काकूंनी बघितलं का?

"बघितलं. उठली नाही मधे."

"काही बोलल्या?"

"मी बोलत होते तेव्हा नाही बोलली. ती क्लिप आली ना, तू तो हात थांबवून दाखवलायस, तेव्हा मला म्हणाली, मंजू, तू विंगेतपण अशीच वाकायचीस." पलीकडे टीव्हीवर कसली तरी जाहिरात चालू होती, गाण्याची. "मी म्हटलं, हो आई. तर म्हणाली, गजरा चुरगळतो म्हणून मी तुझ्या हातावर चापट मारायचे. हात काढायला लावायचे."

जाहिरातीचं गाणं मधेच तुटलं. तिकडे कुणीतरी टीव्ही बंद केला होता.